गुळाची ढेप

गुळाचा खडा गालात सरकवायचा, छातीवर मूठ आपटायची आणि म्हणायचं, "धूळ हाय नुसती. गुळानं उतरती." कळंबच्या आमच्या डाळ मिलमधले मामा रोज असे कामाला लागायचे. ते कुणाचेच मामा नव्हते, पण सगळी मिल त्यांना मामाच म्हणायची.

ते चाळणीवर, मी पोती शिवायला. तूर भरडताना उडणारी पिवळी धूळ त्यांच्या भुवयांवर बसायची. जेवायच्या सुट्टीत बाहेर येऊन म्हणायचे, "रोज हळद लागतीया पोरी, पर वरात काय निघंना!" हसता हसता खोकला यायचा आणि हसणं तिथंच राहायचं.

तुमच्यापैकी कुणी गिरणीत राबलं असेल, तर हा गूळ तुम्हाला ठाऊक असेल. गुळानं छाती साफ होते म्हणे. मालक रोज न चुकता वाटायचा. स्वतः मात्र चाळणीजवळ कधी आलाच, तर नाकाला रुमाल लावून यायचा, गूळ खाऊन नाही.

पुढं मामांना गेटपासून चाळणीपर्यंत जाताना मध्येच बसावं लागायला लागलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, या धुळीतून बाहेर पडा, नाहीतर जीव जाईल. मीच त्यांना ओढत मालकापुढं नेलं. म्हटलं, "मामांना गेटवर बसवा."

मालक हसला. "मामा, तुमच्याशिवाय चाळण कुणाला जमती?" आणि त्यानं गुळाची अख्खी ढेप मागवून त्यांच्या हातात ठेवली.

मामा ढेप पोटाशी धरून बाहेर आले. "बघ, मालकानं मान ठिवला का न्हाय!"

मला त्या ढेपीची किळस आली. मामांचाही राग आला, खोटं कशाला सांगू. "मामा, मराल तिथं."

"व्हय, पर चाळणीवर दुसरं कोण हाय?" असं म्हणून ते पुन्हा आत गेले.

दिवाळीच्या तोंडावर मामा गेले. मालकानं मिल बंद करून आम्हाला ओळीनं उभं केलं, मी अगदी टोकाला. म्हणाला, "लई भला माणूस. बिडीनं घात केला."

मामांनी जन्मात बिडीला हात लावला नव्हता. मी ते मोठ्यानं बोलून दाखवलं. मालकानं डोळे मिटून घेतले, श्रद्धांजलीला मिटतात तसे.

मग दोन मिनिटं शांतता. मिलच्या खडखडाटात आम्ही एकमेकांचा श्वास कधी ऐकलाच नव्हता. आता तो ऐकू यायला लागला. कुणाची छाती शिट्टी वाजवत होती, कुणी खोकला दाबत होतं. अगदी जवळून घरघर आली म्हणून मी वळून पाहिलं. त्या बाजूला कुणीच नव्हतं. मी श्वास रोखला, तशी घरघर थांबली.

"चालू करा," मालक म्हणाला. दोन मिनिटंही झाली नव्हती.