बेसमेंटमधलं स्पेन

गोडा मसाल्याची बरणी फुटली तेव्हा नंदन मोघे स्पेनमध्ये होता. म्हणजे देहाने कॅनडातल्या वॉटर्लूच्या आपल्या बेसमेंटमध्येच, स्टँडवर जखडलेल्या सायकलीवर. पण समोरच्या पडद्यावर बदामाची झाडं मागे पळत होती आणि चढण लागली होती. जोर यावा म्हणून तो पेडलवर उभा राहिला, तोल गेला, कोपर फळीला लागलं आणि शीलाने नाशिकहून आणलेला वर्षाचा मसाला खाली आला. एवढ्यावरही निभावलं असतं. पण बरणी फुटली ती नेमकी घर तापवणाऱ्या फर्नेसच्या हवा ओढणाऱ्या जाळीपुढे. पाच मिनिटांत वरच्या तिन्ही बेडरूममध्ये, वॉशरूमसकट, आमटीचा वास सुटला.

"अहो!" शीला शिंकत जिन्यात आली. "काय चाललंय खाली?"

"चढण."

"मग उतरा आता. आणि व्हॅक्यूम घ्या हातात."

ह्या सगळ्याचं मूळ होतं नॉर्बर्ट डाबरे.

नॉर्बर्ट वसईचा. शेजारच्या किचनर शहरातल्या एका शाळेत एकोणतीस वर्षं केअरटेकर होता. हिवाळ्यात पोरं यायच्या आधी शाळेच्या अख्ख्या आवारातला बर्फ शोव्हल करायचा आणि संध्याकाळी त्याच बर्फातून सायकलने घरी जायचा. सायकलही कुणीतरी टाकून दिलेली, त्यानेच दुरुस्त केलेली. रिटायर झाला त्याच वर्षी त्याची मुलगी हेझल लग्न करून स्पेनमधल्या एका खेड्यात राहायला गेली. तेव्हापासून दर फेब्रुवारीत हा माणूस ती जुनी सायकल खोक्यात घालून तिकडे जातो आणि तीन आठवडे रोज एकच फेरी मारतो. बेचाळीस किलोमीटर. बदामाच्या बागा, मेंढरं, मध्ये एक चढण, उतारावर चर्च, चर्चसमोर कॉफी.

"मिडियम लूप आहे रे," तो सांगतो, "फार काही नाही."

हे 'फार काही नाही' नंदनला फार लागायचं.

नंदनची सायकल कार्बनची, पिसासारखी हलकी. छातीला ठोके मोजणारा पट्टा, खिशात ताकदीच्या जेलची पाकिटं. नॉर्बर्टच्या खिशात वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुकेळी, वसईहून बहिणीने पाठवलेली. उन्हाळ्यात दोघं बरोबर सायकली काढायचे, तेव्हा नंदन कायम त्याच्या पुढेच असायचा. पण सेंट जेकब्स गावापलीकडच्या शेतांमधून जाताना घोडागाडीतले, जुन्या रीतीने राहणारे मेनोनाइट पंथाचे शेतकरी हात वर करायचे ते नॉर्बर्टला. नंदनची पिवळीजर्द जर्सी मैलभरावरून दिसायची, तिला कुणी हात केला नाही. एक शेतकरीण नॉर्बर्टसाठी ॲपल पायचा तुकडा बाजूला काढून ठेवायची. तो उतरायचा, तिच्या गाईची चौकशी करायचा. तोवर नंदन अंगणात गोल गोल फेऱ्या मारायचा, कारण थांबलं की त्याच्या वेगाचा ॲव्हरेज पडायचा. "नॉर्बर्ट, चल की! झाली ना गाय!"

असे अकरा उन्हाळे गेले.

आणि यंदा दिवाळीच्या जेवणात नॉर्बर्ट म्हणाला, "हेझलकडे एक खोली रिकामी आहे. नील, येतोस का?"

नील! त्यांच्यातला सगळ्यात नवखा, ज्याने सायकल घेऊन आठ महिने झाले होते. जो सिग्नलला बूट पेडलमधून सुटला नाही म्हणून उभ्याउभ्या आडवा व्हायचा. नंदन शेजारीच बसला होता. त्याच्या तोंडातलं श्रीखंड आंबट झालं.

त्या रात्री त्याला झोप आली नाही. सकाळी त्याने हेझलला ईमेल करून लूपचा नकाशा मागवला आणि मशीनमध्ये भरला. नॉर्बर्टला चार तास लागतात ना? आपण दोनच्या आत मारायचा. मग बघू कसा नेत नाही. पुढच्या महिन्यांत त्याने स्पेन इतकं पालथं घातलं की शीला फोनवर बहिणीला सांगायची, "हे ना? परदेशी आहेत. जेवायला येतील."

मसाल्यानंतर पंधरा दिवसांनी आकडा आला. एक तास सत्तेचाळीस. नंदनने आलेख छापला आणि गाडीचे विंटर टायर्स बर्फात करकरवत थेट नॉर्बर्टचं गराज गाठलं.

नॉर्बर्ट सायकल खोक्यात भरत होता. "बरा आलास. हे टोक धर."

नंदनने खोक्याचं टोक धरलं. "नीलचं नक्की?"

"तिकीट काढलंन त्याने. हेल्मेट अजून उलटं घालतो बघ!" नॉर्बर्ट खुदुखुदु हसला. त्या हसण्याचाही नंदनला हेवा वाटला.

त्याने कागद खोक्यावर ठेवला.

"काय हे? ईसीजी?"

"तुझा लूप. एक सत्तेचाळीस."

नॉर्बर्टने चष्मा लावून मनापासून पाहिलं. "बापरे! गुडघे बरे आहेत ना?"

"एकदम."

"आणि कुठेच उतरला नाहीस?"

"एकदाही नाही!" नंदनची छाती फुगली.

नॉर्बर्टने कागदाची नीट घडी घालून त्याच्या हातात दिली आणि चिकटपट्टी उचलली. आता निदान एक शब्द तरी निघेल म्हणून नंदन थांबला. निघाला नाही. मग त्याच्याच तोंडून निघाला, आणि आवाजही भलताच बारीक झाला.

"अकरा वर्षं बरोबर फिरतोय रे आपण. मला का नाही विचारलंस?"

नॉर्बर्टने चिकटपट्टी दातांनी तोडली.

"तुझ्याबरोबर मजा येत नाही."