मोकळी सोडलेली काळी तार

मी रिसोडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, आणि विज्ञान शिकवणाऱ्या बाईला सगळ्या यंत्रांतलं कळतं असा आमच्या केनवडच्या वस्तीचा ठाम समज होता. तो समज मीच करून दिला होता, खोटं कशाला बोलू. कुणाचा रेडिओ खरखरला की मी पेचकस घेऊन बसायचे. दहातल्या सहा वेळा तो सुरू व्हायचा आणि उरलेल्या चार वेळा मी सेलला दोष द्यायचे. त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या त्या जयंतीच्या आदल्या संध्याकाळी जुना रेकॉर्ड प्लेयर बगलेत मारून मी विहारात शिरले, तेव्हा कुणालाच शंका नव्हती. शंका होती ती एकट्या मला.

हे सगळं चाललं होतं माझ्या वडिलांसाठी. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबांनी सारी उमर जिनिंग फॅक्टरीत सरकी काढणाऱ्या मशीनवर काढली आणि त्या आवाजात त्यांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू गेले. पण कान गेले तरी मशीनचं त्यांना कळायचं. तळहात पत्र्यावर ठेवायचे आणि पट्टा ढिला झालाय की दात झिजलेत ते सांगायचे. घरीसुद्धा तीच सवय होती. माय शिवायला बसली की ते शिलाई मशीनच्या फळीवर हात ठेवून बसायचे आणि हाताखाली थरथर लागली की समाधानानं मान हलवायचे. थरथर थांबली की विचारायचे, बंद का केली.

धर्मांतरानंतर आमच्या वस्तीत वंदना तोंडपाठ केली ती सगळ्यांत आधी आबांनी. अक्षरओळख नव्हती, तरी ऐकून ऐकून केली. तेव्हापासून दर जयंतीच्या सकाळी विहारातल्या माइकवर तेच उभे राहायचे. ते एक ओळ म्हणायचे, वस्ती ती मागून म्हणायची. मागच्या वर्षी मात्र घोळ झाला. लोकांची ओळ संपली की नाही हे आबांना ऐकू येईना. ते मध्येच पुढची ओळ सुरू करायचे, लोक अडखळायचे, कुणी मागे राहायचं, कुणी पुढे जायचं. पोरं तोंडाला रुमाल लावून हसली. मी तिथंच बसले होते आणि मला पोरांपेक्षा आबांचाच राग आला होता. आज हे लिहिताना मला त्याची लाज वाटते.

या वर्षी तरुण मंडळाच्या सेक्रेटरीनं घरी येऊन, अगदी अदबीनं, वंदना मी म्हणतो असं सुचवलं. वाशिमच्या कॉलेजात शिकणारा, स्वच्छ बोलणारा मुलगा होता. आबांनी त्याच्या ओठांकडे बघून सगळं समजून घेतलं, उठले आणि ट्रंकेतून कापडात गुंडाळलेली एक तबकडी काढून आणली. कित्येक वर्षांपूर्वी नागपूरहून आणलेली, एका भंतेंच्या आवाजातली वंदना. आमच्या घरी ती वाजवायला काहीही नसताना त्यांनी ती घेतली होती आणि आम्ही सगळे त्यांना हसलो होतो. आबा म्हणाले, तू नको आणि मी बी नको, भंते म्हणतील. मी निस्ता आवाजाच्या पेटीपाशी उभा राहतो.

म्हणजे जागा त्यांचीच राहणार होती. रेकॉर्ड वाजली नाही तर माइक त्या मुलाच्या हातात जाणार होता, आणि एकदा गेला की परत येणार नव्हता. हे आम्हां बापलेकींना एकमेकांशी न बोलता माहीत होतं.

प्लेयर मला रिसोडच्या एका डॉक्टरांनी बदली होऊन जाताना दिला होता. परदेशी बनावटीचा, आमच्या सगळ्यांपेक्षा रुबाबदार. पण त्याला स्वतःचा आवाज नव्हता, तो दुसऱ्या कशाला तरी जोडावा लागायचा. विहारातला अॅम्प्लिफायर निराळ्याच कंपनीचा, सभा-मिरवणुकांसाठी बनवलेला. वस्ती त्याला नुसतं मशीन म्हणायची. त्याला जोडलेला एक कर्णा बाहेर लिंबाच्या झाडावर आणि एक स्पीकर आत लाकडी पेटीत. प्लेयरची पिन बारीक गोल, मशीनचं भोक जाड. शिवाय प्लेयरमधून एक जास्तीची बारीक काळी तार बाहेर आलेली होती, टोकाला पितळेची पट्टी. तिच्या जोडीचं मशीनवर काही दिसेना. मी ती गुंडाळली आणि चिकटपट्टीनं प्लेयरच्या बुडाला चिकटवून टाकली. विज्ञान शिकवणारी बाई ना मी.

सेक्रेटरी माझ्या खांद्यावरून बघत होता. रेकॉर्ड प्लेयरसाठी मशीनच्या मागे दोन स्क्रू होते, त्यांना मी तार आवळायला लागले तसा तो म्हणाला, "ताई, मशीन जळली त उद्या मिरवणुकीत काय वाजवाचं?"

मी स्क्रू आवळतच राहिले. तबकडी फिरली, सुई टेकवली. पेटीला कान लावला तेव्हा तीन शेतं पलीकडे कुणीतरी बोलतंय एवढा आवाज आला. बटण पूर्ण पिळलं तरी तेवढाच. आबा दारात उभे होते. त्यांनी विचारलं, लागली का व? मी मोठ्यानं सांगितलं, सकाळी लागते. तेवढ्यात लाइनही गेली आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

सकाळी उठले ती एक गोष्ट डोक्यात धरूनच. माइकमधून येणारा आवाज मुळात असाच मरतुकडा असतो आणि मशीन तो वाढवतं. मग प्लेयरची तार माइकच्या भोकात घातली तर? पण त्या भोकाला बसणारी पिन अख्ख्या वस्तीत एकच होती, माइकच्या तारेला. ती कापून प्लेयरला जोडायची, म्हणजे रेकॉर्ड नाही वाजली तर माइकही नाही. लोक जमायला लागले होते. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, न्हाऊन ओल्या केसांची पोरं. सेक्रेटरीनं तार कापायची पकड पाठीमागे धरली आणि नाही म्हणाला. मी चिडले. पिन मागितली आहे, मशीन नाही, असं काहीतरी तोडून बोलले. तो माझ्याकडे नाही, आबांकडे बघत राहिला. आबा पेटीशेजारी येऊन उभे होते, नवं धोतर, सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. त्यानं पकड माझ्या हातात दिली.

तार सोलताना बोटाला लागलं, ते तसंच चोखून मी पिन जोडली आणि भोकात सारली. बटण फिरवलं.

घरघर. मोटार अंगणात उभी करून इंजिन चालू ठेवावं तशी घरघर विहारात भरून राहिली, बाहेर झाडावरचा कर्णाही घरघरायला लागला. तिच्याखाली कुठंतरी भंतेंचा आवाज होता, चिरकल्यासारखा, शब्द लागत नव्हते. बायांनी एकमेकींकडे बघितलं.

आबांनी पेटीवर तळहात ठेवला आणि त्यांचा चेहरा उजळला. "लागली," ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. एक हात पेटीवर, दुसरा छातीशी धरून ते पुटपुटायला लागले. त्यांच्या ओठांकडे बघून लोकही अर्धवट म्हणायला लागले, घरघरीत चाचपडत.

मी प्लेयरखाली हात घालून चाचपलं, तार हलवली, पिन दाबली. मग बुडाला चिकटवलेली काळी तार हाताला लागली. चिकटपट्टी काढून मी ती ओढली. तिचं पितळी टोक मशीनच्या लोखंडी डब्याला टेकलं मात्र, घरघर थांबली. एकदम. अर्थिंगची तार होती ती. मी दर वर्षी आठवीच्या वर्गाला फळ्यावर अर्थिंग काढून दाखवत होते आणि हातात आल्यावर ओळखलं नव्हतं. डब्याचा एक स्क्रू ढिला करून मी ती पट्टी त्याखाली आवळली. भंतेंचा आवाज आला, बारीक, बिनखर्जाचा, पण शब्द न् शब्द मोकळा. वस्तीनं पुढची ओळ एका सुरात म्हटली. मला इतका अभिमान वाटला की मी तिथंच मान वर करून सगळीकडे बघून घेतलं.

आणि आबा दिसले. त्यांनी हात पेटीवरून उचलून परत ठेवला. मग दाबला. मग दोन्ही हात ठेवले, एक वर, एक बाजूला, पट्टा तुटलेल्या मशीनवर ठेवायचे तसे. त्या बारीक आवाजात त्यांच्या हाताला लागेल असं काही नव्हतंच. ते माझ्याकडे वळले.

"बंद काहून केली व?"

सगळ्यांनी ऐकलं. लोकांची ओळ अर्ध्यात राहिली, नुसती रेकॉर्ड म्हणत राहिली. मला एवढंच ओरडून सांगायचं होतं की चालू आहे आबा, छान चालू आहे. पण ते सांगायचं म्हणजे भरल्या विहारात सांगायचं की सगळ्यांना ऐकू येतंय, फक्त तुम्हाला नाही. ज्या माणसानं या सगळ्यांना वंदना शिकवली त्याला ते मी सांगणार होते.

मी खाली वाकले, स्क्रू ढिला केला आणि काळी तार काढून घेतली.

घरघर परत आली. आबांनी डोळे मिटले आणि मान हलवली. त्यांचे ओठ परत हलायला लागले. सेक्रेटरी तरातरा माझ्याकडे आला, त्यानं लोंबणारी तार बघितली, स्क्रू बघितला. त्याला सगळं समजलं होतं. आता हा तार जोडणार असं मला वाटलं आणि मी मशीनपुढे आडवी आले. पण तो माझ्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला, हात जोडले आणि घरघरीच्या वर जाईल एवढ्या मोठ्यानं, भंतेंच्या मागोमाग ओळ म्हणायला लागला. मग बाया म्हणायला लागल्या. मग सगळे.

घरी आल्यावर आबा बाजेवर बसून कितीतरी वेळ स्वतःचा तळहात चोळत होते. माय भाकरी घेऊन आली तर तिला म्हणाले, "भंतेचा आवाज भलता दमदार हाय." मायनं माझ्याकडे बघितलं. मी चुलीत लाकूड सारायच्या निमित्तानं उठले आणि तिथंच रडून घेतलं.

पुढच्या जयंतीला रिसोडहून येणारी माझी बस उशिरा आली. मी धावतपळत विहारात पोचले तेव्हा आबा पेटीपाशी उभे होते आणि वंदना सुरू झाली होती. घरघर बाहेर रस्त्यापर्यंत येत होती. सेक्रेटरीनं सगळं जोडून ठेवलं होतं. मी मशीनच्या मागे जाऊन बघितलं. काळी तार नीट गुंडाळून, चिकटपट्टी लावून त्यानं बाजूला ठेवली होती.