पाटलाच्या घोड्यापुढं

"बस की रे खाली. का आमच्या बराबरीनं उभा राहनार?"

पाटील चावडीच्या ओट्यावरून बोलला. मी खाली, उन्हात, काठीवर. महारानं पाटलासमोर उकिडवं बसायचं, ही आमच्या गावची रीत. माझा उजवा गुडघा दुमडत नव्हता, हे गावाला ठाऊक होतं. मी उभाच राहिलो. ओट्यावरची माणसं हसली.

ब्रह्मदेशच्या लढाईत ओढा ओलांडताना ओझ्याचं खेचर घसरून माझ्या गुडघ्यावर पडलं. पलटणीनं अधू म्हणून घरी धाडलं, पण गुडघा कशानं गेला ते कुणी नोंदलं नाही. निजामी गेल्यावर मी पेन्शन मागितली. उलट विचारणा आली, भरतीआधी पाय धड होता कशावरून? आता लंगड्याला कुणी पलटणीत घेतं का? पण सरकारला गावाची साक्ष पाहिजे होती, आणि गाव म्हणजे पाटील.

त्या चौकशीसाठीच परतूरहून तहसिलातला साहेब आला होता. त्यानं घाईघाईनं पाटलाला विचारलं. पाटील पान चघळत म्हणाला, "ह्यो पहिल्यापासून लंगडा. लढाईचं निमित्त करून राह्यलाय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. भरतीआधी मी ह्याच माणसाच्या घोड्यापुढं पळत होतो. पाटील परतूरला निघाला की वाट मोकळी करत पुढं महार पळाला पाहिजे. आष्टी गाव मागं पडायचं, तोंडाला फेस यायचा, तरी थांबायची सोय नव्हती. माझे पाय त्याच्याइतके कुणी पाहिले नसतील.

मी म्हणालो, "साहेब, इचारा पाटलाला. घोड्यापुढं लंगडा पळत होता का?"

साहेबाला वेठीची भानगड नको होती. नीट आठवून तहसिलात येऊन सांगा, असं पाटलाला म्हणून तो उठला. महारवाड्यात कुणालाच विचारलं नाही.

साहेब गेल्यावर पाटलाचा आवाज मऊ झाला. "उद्या परतूरला जातो. धाकट्याला धाड घोड्यापुढं. मंग सांगतो, तुझा पाय बराबर होता म्हनून."

त्यानं फक्त खरं बोलायचं होतं. त्याच्या बदल्यात माझ्या भावाचे पाय हवे होते.

मी तिथल्या तिथं नाही म्हणालो नाही. घरी पेन्शनशिवाय दुसरा आधार नव्हता. भाऊ शांतपणे म्हणाला, "जातो की दादा. एकडावच तर हाय."

तेव्हा माझं डोकं फिरलं. एकडाव म्हणूनच बापानंही मला धाडलं होतं.

सकाळी मी एकटा चावडीवर गेलो. जोहार केला नाही. "धाकटा न्हाई येनार. कवाच न्हाई."

"मंग पेन्शन इसर," पाटील म्हणाला.

मी महारवाड्यातली, मला पळताना पाहिलेली माणसं बरोबर घेतली आणि त्याच वाटेनं परतूरला निघालो. त्यांची साक्ष लिहून घ्यायला लावायची होती. भाऊ बरोबर होता, पण पळत नव्हता. थोड्या वेळानं मागून टापा आल्या. पाटील वाट सोडा म्हणून ओरडला. शिव्याही दिल्या. दोन्हीकडं काटेरी कुंपण होतं, मधे मी, माझी काठी, माझी माणसं. बराच वेळ त्याच्या घोड्याला माझ्या लंगड्या चालीनं चालावं लागलं.

पेन्शन अजून मिळालेली नाही. साहेब बदलतात, मी माणसं घेऊन पुन्हा जातो. उभा राहून बोलतो. वाट मी सोडणार नाही.