रेमंडला पोहोचवायची ड्यूटी

मी इन्फन्ट्रीतला, सुभेदार म्हणून रिटायर झालो. मुलीकडे नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला तीन महिन्यांसाठी आलो आणि कोरोनामुळे विमानं बंद झाली. मुलगी-जावई दिवसभर लॅपटॉपसमोर. नातू डचमध्ये उत्तर द्यायचा. मी सकाळी दाढी करून बूट पॉलिश करायचो. त्यानंतर काही काम नसायचं.

शेजारच्या बागेत वॉल्टर एकटा बसायचा. काळा अमेरिकन, माझ्याहून थोडा मोठा. त्याची डच बायको वारली होती. माझे बूट पाहून त्याने कुंपणापलीकडून विचारलं, "आर्मी?"

"येस. एकाहत्तरची लढाई. तुम्ही?"

"व्हिएतनाम."

मग रोज अंतर ठेवून बोलणं सुरू झालं. एका दुपारी त्याने रेमंडचं सांगितलं. दोघं एकाच प्लॅटूनमधले. रेमंड गस्तीवर असताना गोळी लागून गेला. शवपेटी जॉर्जियातल्या त्याच्या गावी पोहोचवायची ड्यूटी वॉल्टरला मिळाली. ऑर्डर होती, दफन होईपर्यंत पेटी सोडायची नाही.

दफनभूमीच्या फाटकात मॅनेजरने गाडी अडवली. "ही जागा गोऱ्यांची आहे."

"हा सोल्जर आहे, सर."

"दिसतंय मला. गाडी वळवा."

समान हक्कांचा कायदा वॉशिंग्टनमध्ये झाला होता. त्या गावात पोहोचला नव्हता. वॉल्टर युनिफॉर्ममध्ये पेटीशेजारी उभा राहिला. पोलीस आले. तेव्हा रेमंडची आई जवळ आली. "बाळा, माझा एक गेला. तुला काही झालं तर? चल."

रेमंडला रेल्वेरुळांपलीकडे, काळ्यांच्या जमिनीत पुरलं. वॉल्टरने घडी केलेला झेंडा आईच्या हातात दिला. पुढे त्याचं पोस्टिंग जर्मनीत झालं. नोकरी संपल्यावर तो अमेरिकेला परतलाच नाही.

"तुमच्याकडे असं नसेल," तो म्हणाला.

मी त्याला एकाहत्तरच्या लढाईत पडलेल्या, माझ्या कंपनीतल्या नाईक दत्तू कांबळेचं सांगितलं. त्याच्या अस्थी घेऊन मी साताऱ्याकडे गेलो होतो. गावाने मिरवणूक काढली, घोषणा दिल्या. नदीवर एक जण हळूच म्हणाला, "साहेब, यांचा घाट खाली आहे." दत्तूचे वडील आधीच तिकडे वळले होते. त्यांच्यामागे मी गेलो. गावातलं कुणी आलं नाही.

वॉल्टर म्हणाला, "त्याचं नाव परत सांग."

माझं परतणं लांबतच गेलं. हिवाळ्यात वॉल्टरला कोरोना झाला. तो हॉस्पिटलमधून परतला नाही. अंत्यविधीला मोजक्याच लोकांना परवानगी होती. शवगाडी आमच्या गल्लीतून हळू गेली. डोक्यावर टोपी नव्हती, आणि आमच्या फौजेत टोपीशिवाय सॅल्यूट नसतो, म्हणून मी तो केला नाही. गाडी वळेपर्यंत सावधान उभा राहिलो.

आत आल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, ते तुमचे कोण होते?"

मी तिला तिघांची नावं सांगितली.