बघण्यासारखं काही नसलेलं गाव

लग्नाला तीस-एक वर्षं होऊन गेली, पण मिस्त्रीणबाईंनी सहलीचं नाव कधी काढलं नव्हतं. त्यामुळे एका सकाळी चहाचा कप पुढ्यात ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "अहो, आपण जरा देश बघून येऊ या का?" तेव्हा मिस्त्रींना वाटलं, आता कानही गेले.

"काय बघून?"

"देश. डोंगर, समुद्र, असं सगळं. माणसं जातात ना."

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. शहरातल्या निम्म्या लोकांना त्यांनी घरपोच केलं होतं, पण स्वतःचे गुडघे कामातून गेले तसे ते खिडकीशेजारच्या खुर्चीत बसले ते बसलेच. बाई दवाखान्याच्या धोबीखान्यात. दिवसभर चादरी उकळायच्या, पिळायच्या, इस्त्रीच्या तापलेल्या रुळांतून काढायच्या आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागायचं. नवरा-बायकोचं बोलणं आटत आटत "गॅस संपला" आणि "पाणी आलं" एवढ्यावर येऊन ठेपलं होतं. अशा घरात एकदम देश आला म्हटल्यावर मिस्त्री आधी गोंधळले आणि मग असे खुलले, की बाईंना त्यांच्याकडे बघवेना. दुसऱ्याच दिवशी ते काठी टेकत बाजारात गेले आणि रुंद काठाची कापडी टोपी घेऊन आले.

"कशी दिसते?"

"छान," बाई म्हणाल्या, आणि भांडी घासायला वळल्या.

कारण त्यांना देश बघायचा नव्हताच. त्यांना चिमण बघायचा होता.

चिमण हा त्यांचा एकुलता एक मुलगा. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून चिमण. पुढे दाराला डोकं लागेल एवढा वाढला तरी नाव तेच राहिलं. बापाच्या हाताखालीच काम शिकला. एकदा त्याने घाईत लिफ्टची कडी लावली नाही आणि सोबतच्या माणसाचा हात चेमटला. मिस्त्रींनी भर चौकात, दहा माणसांदेखत, पोराच्या थोबाडीत मारली. "आजपासून तू माझा कुणी नाहीस," म्हणाले. माणूस रागात काय वाटेल ते बोलतो. पण चिमणने ते खरं धरलं. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो तिथूनच निघून गेला. फोन बंद. त्यानंतर बाईंनी जेवताना एकदाच त्याचं नाव काढलं, तर मिस्त्री भरल्या ताटावरून उठून गेले. ते नाव पुन्हा त्या घरात कुणी घेतलं नाही.

पण कानावर यायचं ते येतच राहिलं. बाईंची भाची लग्नानंतर डोंगरात फिरायला गेली होती. तिने रोपवेच्या मोटारखोलीत काचेमागे चिमणला पाहिलं. तिने हात हलवला तशी त्याने पाठ फिरवली. पुढे धोबीखान्यात साबणाची पिंपं आणणारा ड्रायव्हर म्हणाला, खाडीमुखाशी होड्यांची इंजिनं दुरुस्त करताना तुमचा मुलगा दिसला. आणि आता, सहलीच्या गोष्टीच्या चार दिवस आधी, तोच ड्रायव्हर सांगत होता, की उत्तरेकडे मिठागराच्या गावात चहाच्या टपरीवर चिमण भेटला.

"बरा आहे ना?"

"वाळलाय जरा." ड्रायव्हरने पुढचं तोंडात आलेलं गिळलं. "उन्हाने असेल."

त्याने काय गिळलं, तेच बाईंना झोपू देईना. एकटीने जावं तर दवाखान्यात रजेला कारण काय सांगायचं आणि नवऱ्याला काय सांगायचं? शेवटी सुचली ती सहल. डोंगर, खाडी, मिठागर, तिन्ही ठिकाणं एका फेरीत. मिस्त्रींना लॉजवर निजवून आपण हळूच चौकशीला बाहेर पडू, असा त्यांचा बेत.

सहल कार्यालयात एक चष्मेवाली मुलगी बसत असे. भिंतीवर देशाचा भला मोठा नकाशा. मिस्त्री त्याच्यापुढे टोपी घालूनच उभे राहिले.

"काका, आधी डोंगर करू, मग धबधबे, मग जंगल, शेवटी खाडीत होडीतून फेरी. एकदम निवांत."

"आणि हे." बाईंनी नकाशाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे हिरवं काहीच नव्हतं.

मुलीने चष्मा वर सारला. "तिथे बघण्यासारखं काही नाही हो काकू. नुसती मिठागरं."

"मला मीठ बघायचंय."

"घरी बरणीत नाही का?" मिस्त्री हसत म्हणाले. मुलगीही हसली. "अगं, त्याच्यापायी अख्खा दिवस जातोय. त्यापेक्षा धबधब्यापाशी एक मुक्काम वाढवू. मला एकदा तरी वरून पडणारं पाणी बघायचंय बघ."

"मिठागर नसेल तर मी येत नाही."

बाई हे एवढ्या मोठ्याने बोलल्या, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली. मिस्त्रींचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. "बरं बरं, मीठ तर मीठ," ते पुटपुटले आणि काठी घेऊन जिना उतरायला लागले, एकेक पायरी, कठड्याला धरून.

ते खाली पोहोचेपर्यंतचाच काय तो वेळ बाईंना मिळाला. त्यांनी पर्समधून फोन काढून चिमणचा फोटो त्या मुलीपुढे धरला. "बाई गं, तुमची तिकडे ओळख असेल तर एवढं विचारशील? उंच आहे, यंत्रांची कामं करतो. माझा मुलगा आहे. आमच्या ह्यांना कळू देऊ नकोस." मुलीचा चेहरा उतरला. फोटो आपल्या फोनवर घेत ती म्हणाली, "विचारते, काकू."

मुलगी कामाची निघाली, पण घरचा फोन कोण उचलेल हे काही तिच्या हातात नव्हतं.

दोन दिवसांनी बाई कामावरून आल्या तर मिस्त्री टोपी मांडीवर घेऊन बसलेले. दिवा लावलेला नव्हता.

"सहलवाल्या मुलीचा फोन आला होता. आधी काही सांगेना. मला सगळं ठाऊक आहे म्हटलं, तेव्हा बोलली."

बाई चप्पल पायात तशीच ठेवून उभ्या राहिल्या.

"तू सहल म्हणालीस," मिस्त्री म्हणाले. "मला वाटलं, तुला माझ्याबरोबर कुठंतरी जावंसं वाटलं. खुळाच मी."

बाई तशाच पुढे आल्या. "मिठागरवाले काय म्हणाले?"

मिस्त्री टोपीचा काठ चाचपत राहिले.

"अहो, सांगा ना! 'आहे' म्हणाले का 'होता' म्हणाले?"

"होता म्हणाले."

बाई भिंतीला धरून खाली बसल्या. मिस्त्री एकदम घाबरले, उठायला गेले, गुडघ्याने दगा दिला तसे खुर्चीचा हात धरून अर्धे उभे राहिले. "तसं नाही गं! तसं नाही! कामावर होता असं. ताप उतरेना, खोकल्यातून रक्त पडायला लागलं, म्हणून त्यांनी मिठाच्या गाडीत घालून खाडीकाठच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं. पुढचं त्यांना माहीत नाही."

"कधी?"

"झाले म्हणे आठ-पंधरा दिवस."

"मग तुम्ही बसून काय राहिलात?"

"तुझी वाट बघत होतो." ते परत खुर्चीत बसले. "मी एकटा गेलो तर तो मला दारातही उभं करायचा नाही."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने दोघं निघाले. कुठला डोंगर आणि कुठलं जंगल. घाटात एका वळणावर बसमधली सगळी माणसं डाव्या बाजूला झुकली, कुणी फोन बाहेर काढले. धबधबा आला होता. मिस्त्री खिडकीशीच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला, मग त्याचंच त्यांना अवघड वाटलं, पण सोडला नाही. मनात एकच चाललं होतं: पोहोचू तेव्हा तिथली माणसं 'आहे' म्हणतील ना?

आहे, म्हणाले. मोठ्या खोलीच्या टोकाला, खिडकीखालच्या खाटेवर. चादरीखाली कुणी आहे की नाही असं वाटावं, एवढाच उरला होता. पाय मात्र अजून खाटेबाहेर येत होते. आईला पाहून तो कोपरावर उठायला गेला. मग तिच्या खांद्यावरून मागे उभा असलेला बाप दिसला, आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं.

"त्यांना कशाला आणलंस?"

बाई काही बोलायच्या आत मागे काठीचा आवाज झाला, एकेक टप्पा लांब जात गेला. मिस्त्री बाहेर व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर जाऊन बसले.

तिथेच ते बसत राहिले. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं पार खराब झालीत, औषधाला गुण येईलसं वाटतंय, पण खात्री देता येत नाही. महिनेच्या महिने लागतील. बाईंनी धोबीखान्यात नोकरी सोडत असल्याचं कळवलं आणि दवाखान्यामागे एक खोली घेतली. त्या पोराला पेज भरवायच्या, अंग पुसायच्या, आणि बाहेर येऊन नवऱ्याला सांगायच्या, आज ताप थोडा कमी आहे, आज परत चढलाय. मिस्त्री मान हलवायचे. खाटेपाशी जायची हिंमत त्यांनी पुन्हा केली नाही. परिचारिका म्हणाली, "आजोबा, घरी जाऊन पडा," तर म्हणाले, "इथं वारा बरा आहे." वारा कसला, उकाड्याने जीव जात होता.

एका दुपारी चिमणला जरा हुशारी वाटत होती. आई नखं कापत होती. तो छताकडे बघत होता.

"बाहेर ते अजून बसलेत?"

"हो."

खोकल्याची उबळ आली, गेली. बाईंनी तोंड पुसलं.

"जेवलेत का?"

"नाही," बाई म्हणाल्या. त्याहून जास्त काही बोलायची त्यांना भीती वाटली.

चिमणने डोळे मिटले. बाईंनी त्याचा दुसरा हात मांडीवर घेतला आणि राहिलेली नखं कापायला लागल्या.