रक्ताच्या गोळ्या

"काय रे, मोठ्याचं खाता ना तुम्ही लोक? मग अंगात रक्त कसं नाही?"

डॉक्टर माझ्या बाबाले विचारून राहिला होता. बाबाच्या पोराच्या वयाचा डॉक्टर. आधी केसपेपरवरचं आडनाव वाचलं, मग तोंडाकडे पाहिलं, मग हे. मागे डॉक्टरकी शिकणारी पोरं-पोरी उभी होती, ती हासली. बाबाच्या मोठ्या आतड्यातला कॅन्सर कापून काढला होता, धड उभं राहवत नव्हतं. तरी बाबापण हासले. हात जोडून. मले त्या हासण्याचाच जास्त राग आला.

मोठ्याचं, म्हणजे गाई-बैलाचं मटण, खाल्लं असेल, नसेल. आमच्या ताटात काय होतं, हे रोगासाठी विचारलं का जातीसाठी?

"केमोच्या गोळ्या लिहिल्या आहेत. घरीच घ्यायच्या. चला, पुढचा."

मले एकच विचारायचं होतं. रक्त वाढाले बाबाले काय देऊ? पण ते हासणं कानात होतं. तोंड उघडलंच नाही माझं.

नागपूरहून लाखांदूरकडे निघालेल्या एसटीत माय म्हणे, "काहून नाही इचारलं व तू? शिकली ना तू?" मी केसपेपराची घडी करून पिशवीत टाकली.

आमच्या मोहल्ल्यात आजारी माणसाले पाहाले कोणी रिकाम्या हातानं येत नाही. आणि गरोदर बायांले सरकारी लाल गोळ्या भेटतात, त्याले आमच्याकडे रक्ताच्या गोळ्याच म्हणतात. पोरींले मळमळते, म्हणून अर्ध्या तशाच डब्यात पडून राहतात. बाबाच्या अंगात रक्त नाही, हे कळलं आणि बाया आल्या. एकीनं पाकीट आणलं, दुसरीनं आणलं. "भाऊजीले द्या बाई, लय ताकद येते." मायनं केमोच्या गोळीसंगंच सकाळ-संध्याकाळ दिल्या. मीच पाणी नेऊन देत होती.

काही दिवसांत बाबाचं तोंड सोललं. भाताचं पाणीही गिळवेना. हगवण थांबेना. तळहाताची, तळपायाची साल निघाली. ज्या माणसानं जिंदगीभर धानाच्या बांधीत, चिखलात वाकून रोपांचा रोवणा केला, त्याले चादर लागली तरी तो ओरडे. माय म्हणे, दवा लागू होऊन राहिली.

पुन्हा नागपूर. तोच डॉक्टर. मायनं भाबडेपणानं पिशवीतून लाल गोळ्या काढून दाखवल्या. "ह्याबी देतो जी, टायमावर."

डॉक्टर भडकला. "कोणी सांगितलं होतं? फुकटचं मिळालं की गिळायचं. तुम्हा लोकांना सवयच पडली आहे फुकटाची."

पुन्हा तीच पोरं मागे. ह्या वेळी हासली नाहीत, खाली पाहत होती. माय त्याच्या पायाकडे वाकली. मी तिचा दंड धरला, जोरात धरला, तिले लागलं असेल. तिले उभं केलं आणि मी समोरच्या खुर्चीत बसली.

"काय द्यायचं नाही, हे तुम्ही सांगितलं होतं काय?"

"ए, उठ. बाहेर पेशंट आहेत."

"माझे बाबापण पेशंटच आहेत. मराठीत सांगा. मग उठतो आम्ही."

मी उठली नाही. त्यानं शिपायाले हाक मारली. बाबा म्हणाले, "चाल ना बेटा, कायले भांडतं?" तरी नाही उठली. शेवटी तो मागच्या एका पोरीवर खेकसला, "सांग गं हिला."

ती पोरगी बाबाजवळ वाकून बोलली. या लाल गोळीत लोहासोबत फॉलिक अ‍ॅसिड असते. त्यानं तुमच्या केमोच्या गोळीचा त्रास वाढू शकतो. बी जीवनसत्त्व असो का ताकदीची कोणतीही गोळी, आमाले विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्तात लोह कमी निघालं तर तपासून आम्हीच देऊ. जेवण साधंच ठेवा.

बस. एवढंच होतं. अर्धा कप चहा प्यायलाही याहून जास्त वेळ लागते. लाखांदूरले मी कापडाच्या दुकानात कामाले आहो. एका साडीसाठी गिऱ्हाईकासमोर अख्खं कपाट उलगडतो आम्ही. इथे माणूस सोलून निघाला, आणि यानं दोन वाक्यं उलगडली नाहीत.

केमो थांबवली. तोंड बरं होईपर्यंत बंद. मधे खंड पडला, त्यामुळे कॅन्सर परत येईल काय, मी विचारलं. डॉक्टर म्हणे, कोणालेच सांगता येत नाही. ते मात्र मी मानलं. जे खरंच माहीत नाही, त्याचा राग नाही मले. माहीत असून आमच्यासाठी तोंड उघडलं नाही, त्याचा आहे. मरेपर्यंत राहील.

त्या बायांले मी काही बोलली नाही. त्यांनी जीव लावला होता. फक्त घरोघरी जाऊन सांगितलं, केमोवाल्या माणसाले ह्या देऊ नका.

आता दर फेरीले मी बाबासंगं जातो. डॉक्टर मले पाहून तोंड वाकडं करतो. करू दे. बाबाले हात जोडू देत नाही मी, आणि विचारून झाल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. बाबा मरतील तर रोगानं मरतील. कोणाच्या घमेंडीनं मी त्यांले मरू देणार नाही.