सुलटं अक्षर

पेशावर आणि कोहाटच्या मधल्या दर्ऱ्याच्या बाजारात तोरसमच्या दुकानाला पाटी नव्हती. लागतही नव्हती. कोहाटकडून येणाऱ्याने पहिल्याच चहावाल्याला विचारावं, मेलेलं हत्यार इथे कोण उठवतं? चहावाला हातातल्या किटलीनेच दुकान दाखवायचा आणि वर सांगायचा, "भाव करा, पण कामाला नावं ठेवू नका. वस्तू फेकून मारतो."

खोटं नव्हतं ते. एकदा मारली होती.

बाजारात नवी हत्यारं घडवणाऱ्यांची रांगच्या रांग होती. तोरसमच्या हातात कुणाहून कमी कसब नव्हतं, पण त्याने नवं कधी घडवलं नाही. जुनं, गंजलेलं, लोकांनी टाकून दिलेलं तेवढंच तो घ्यायचा. लोकांना वाटे, लहर आहे बुवाची. खरं कारण त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. छप्पन्न वर्षांचा झाला तरी तो एक रिव्हॉल्व्हर शोधत होता. बापाच्या हातचा. कुठलाही चालला असता, एक.

बाप म्हणजे उस्ताद झरवली. विलायती रिव्हॉल्व्हर समोर ठेवायचा आणि कानस, छिन्नी आणि हातभर लाकडी ओट्यावर त्याचा जुळा भाऊ काढायचा. अस्सल आणि नक्कल शेजारी ठेवली तर अस्सलाचा मालक गोंधळायचा. विलायती कंपनीचा छापसुद्धा तो नळीवर हाताने कोरायचा, एकेक अक्षर. वाचता मात्र एकही येत नव्हतं. इंग्रजी अक्षरं त्याच्या लेखी वेलबुट्टी होती. त्यामुळे एक गंमत व्हायची. ‘एन’ या अक्षरातली मधली तिरकी रेघ वरून खाली उतरायला हवी, ती झरवलीच्या हातून खालून वर चढायची. वीस वर्षं तशीच चढली. कुणाला कळलं नाही, कारण घेणाऱ्यांनाही वाचता येत नव्हतं.

कळलं ते तोरसमला. पंधरा वर्षांचा, घरात शाळा पाहिलेला पहिला माणूस. शिकलेल्याचा माज काय असतो ते ज्याला पाहायचं असेल त्याने सहावी पास झालेला पोरगा पाहावा. दुकानात दोन गिऱ्हाइकं, शेजारचा शमरोज मुठी बसवतोय, आणि तोरसम नळी उचलून खदखदा हसला.

"बाबा, हे अक्षर उताणं पडलंय! अख्खी विलायत हसेल तुम्हाला!"

गिऱ्हाइकंही हसली. झरवलीने नळी परत घेतली, अंगठा फिरवून अक्षर चाचपलं आणि विचारलं, "कुठलं?"

"हे. हे येडं."

झरवलीने नळी पुन्हा ओट्यावर ठेवली आणि कानस उचलली. पुढच्या वर्षी तोरसम मामाबरोबर कराचीला बसच्या गॅरेजात कामाला गेला, आणि अडीच वर्षांनी तार आली. तो पोचला तेव्हा माती देऊन तीन दिवस झाले होते. चुलत्याने दुकानातला माल खिळ्यासकट विकला होता. बापाने रागावून शिवी दिली असती तर तोरसमने ती जन्मभर जपली असती. दिली नाही. म्हणूनच ते "कुठलं?" त्याच्या डोक्यातून निघत नव्हतं.

त्यानंतर त्याने किती नळ्या घासल्या असतील त्याला गणती नाही. गंज उतरवायचा आणि आधी ‘एन’ शोधायचा. उलटा मिळाला की बाबा मिळाले. दोनदा मिळाला, पण हात दुसऱ्याचा होता. बाजारात निरक्षर काही एकटा झरवली नव्हता. शमरोजकाका अधूनमधून विचारायचा, "अरे, झरवलीची खूण तरी सांग, मीही बघत राहीन." तोरसम तुटकपणे म्हणायचा, "मला ओळखू येते." आपण बापाला ज्यावरून हसलो तीच आपण शोधत असलेली खूण आहे हे कुठल्या तोंडाने सांगणार?

त्या हिवाळ्यात तिराह खोऱ्यातला एक मेंढपाळ पोत्यात गुंडाळून एक रिव्हॉल्व्हर घेऊन आला. पडक्या भिंतीत सापडलेला. गंजाचा लाल गोळाच तो. चक्र फिरत नव्हतं, घोडा मागे ओढता येत नव्हता, मुठीचं अक्रोडी लाकूड भेगाळलं होतं. पण चापाचा बाक पाहिला आणि तोरसमने तो उजेडाकडे वळवला. बोट ठेवायच्या जागी चाप किंचित डावीकडे झुकलेला. झरवली डावरा होता.

"काय घेशील?"

मेंढपाळाने तोरसमच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मनातला आकडा तिथल्या तिथे दुप्पट केला.

"लेका, भंगार आहे हे."

"मग हातातून खाली का ठेवत नाही, लाला?"

तोरसमने घासाघीस केली नाही. चहावाल्याने ही बातमी संध्याकाळच्या आत बाजारभर केली.

आठ दिवस रिव्हॉल्व्हर रॉकेलच्या डब्यात बुडून होता. मग एकेक स्क्रू त्याने असा सोडवला जसा झोपलेल्या लेकराच्या कानातला डूल काढावा. मुठीच्या दोन्ही बाजूंच्या जुन्या लाकडी पट्ट्या काढून ठेवल्या. आतल्या बाजूला तापल्या तारेने टेकवलेले तीन ठिपके होते. असेल लाकूड विकणाऱ्याचं काहीतरी, म्हणून त्याने त्या ओट्याखालच्या खोक्यात टाकल्या. नळीला त्याने कानस लावली नाही. पितळेच्या बारीक तारांचा ब्रश, तेल आणि बोट. दोन दिवस घासल्यावर अक्षरांची टोकं दिसायला लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी ‘एन’ वर आला.

सुलटा होता.

तिरकी रेघ वरून खाली, शाळेत शिकवतात तशी. बाकीच्या रेघांपेक्षा थोडी खोल, पण ती गंजाने खाल्ली असेल. तोरसमने भिंग लावलं. उजेडाला धरलं. नळी उलटी करून पाहिली, म्हणजे अक्षर उलटं होईल की काय! विलायतीच निघाला मेला. चापाचा बाक काय, कुणीतरी वापरून वापरून वाकवला असेल.

राग कुणावर काढणार? मेंढपाळ गेला होता. तोरसमने नळी वाइसच्या जबड्यात आवळली, मोठी कानस उचलली आणि खड्डे काढायला सुरुवात केली. गिऱ्हाईक चकचकीत मागतं, चकचकीत देऊ. खड्डे खोल होते, अक्षरांच्याही खाली गेलेले. त्याने अक्षरांसकट साफ केले. पृष्ठभाग आरशासारखा झाल्यावर अक्षरं होती त्या जागी त्याने डाळिंबाच्या फुलांची वेल कोरली. चक्र नव्याने बसवलं, स्प्रिंग बदलली, निळं पाणी चढवलं, अक्रोडाची नवी मूठ घातली. वीस दिवसांनी बाहेर येऊन डोंगराकडे तोंड करून सहा गोळ्या झाडल्या तेव्हा आजूबाजूच्या दुकानांतले लोक हातातली कामं सोडून बघायला आले. इतकं देखणं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. त्याने कुणाचं कौतुक ऐकून घेतलं नाही.

शमरोजकाका हिवाळाभर रावळपिंडीला मुलाकडे होता. उन्हं तापू लागल्यावर परतला तो काठी टेकत थेट दुकानात. ऐंशीचा म्हातारा, गालात नस्वारची तंबाखू, जीभ मात्र विशीतली.

"काय रे, कुठलं भंगार सोन्याच्या भावात घेतलंस म्हणे? चहावाल्याने कोहाटच्या फाट्यावरच मला तेच ऐकवलं."

"बसा काका. ओट्याखाली पाय पसरा."

म्हातारा बसला, पाय पसरताना काठीने खोकं उलटलं आणि मुठीच्या जुन्या पट्ट्या त्याच्या पायाशी आल्या. त्याने एक उचलली, डोळ्यांजवळ नेली, उलटी केली. मग आतल्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

"ही कुठे मिळाली तुला?"

"त्याच भंगाराची. का?"

"माझी आहे ही. हे तीन ठिपके माझे. झरवलीच्या शेवटच्या हिवाळ्यात त्याच्यासाठी केली होती. बंदूक कुठाय? अरे, बघत काय राहिलास, तुझ्या बापाची बंदूक कुठाय?"

तोरसमने फळीवरून रिव्हॉल्व्हर काढून त्याच्या हातात दिला. आवाज चढवूनच म्हणाला, "काका, नजर गेली तुमची. ती विलायती होती. छाप मी माझ्या डोळ्यांनी वाचला. ‘एन’ सुलटा होता."

"सुलटाच असणार!" म्हातारा ओरडला. "तू हसलास त्याच्या दुसऱ्या दिवशी तो मास्तरकडे गेला. कागदावर ते अक्षर हे एवढं मोठं काढून आणलं, पिठाच्या खळीने भिंतीला चिकटवलं. हिवाळाभर डब्याच्या पत्र्यावर तेच गिरवत होता, तू कराचीला गेल्यावरही. मी म्हटलं, झरवली, म्हातारपणी शाळेत बसलास? तर मला म्हणतो, पोराने चूक काढली, आता तशीच ठेवली तर त्याच्या शिक्षणाचा काय उपयोग? येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचा. माझ्या तोरसमने शिकवलेलं अक्षर आहे म्हणायचा. ती तिरकी रेघ तर दोनदा मारायचा, पुन्हा चुकायला नको म्हणून. खोल नव्हती का ती? सांग, नव्हती खोल?"

"होती," तोरसम म्हणाला.

"मी सदतीस वर्षं विचारतोय, खूण सांग, खूण सांग," म्हातारा आता हळू बोलत होता. त्याने नळीवर बोट फिरवलं, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत. डाळिंबाची फुलं बोटाला लागली. "अक्षर कुठाय रे?"

शेजारच्या दुकानात कानस चालू होती तिचा आवाज तेवढा येत होता. म्हाताऱ्याने नळीवरून बोट काढलं आणि वाइसखाली पाहिलं, जिथे तोरसम लोखंडाचा कीस झाडून काढायचा. जमीन रोज झाडलेली, स्वच्छ.

"मला सांगितलं असतंस एकदा," शमरोजकाका म्हणाला. मग काठीवर जोर देऊन उठला. तोरसम त्याला हात द्यायला पुढे झाला, तर त्याने हात घेतला नाही.

तोरसमने त्या दिवशी रिव्हॉल्व्हर पुन्हा सगळा सुटा केला. चक्र त्याने नवं घातलं होतं. स्प्रिंग नवी. घोड्याची चोच घासून नवी केलेली, चापाचा तो डावीकडचा झुकाव त्यानेच ठोकून सरळ केला होता, गिऱ्हाईक उजव्या हाताचं असतं म्हणून. सांगाडा बापाचा खरा, पण त्याच्यावरही त्याचीच कानस सगळीकडून फिरली होती. केसाएवढी जागासुद्धा त्याच्या हातांनी सोडली नव्हती. इतकं बारकाईने काम करायला तो कुणाकडे शिकला होता तेही त्याला माहीत होतं.

शुक्रवारी, रिव्हॉल्व्हर पुन्हा जुळवून झाल्यावर, पेशावरहून एक हौशी गृहस्थ आला. डोंगरात झाडलेल्या सहा गोळ्यांची कीर्ती त्याच्यापर्यंत पोचली होती. त्याने रिव्हॉल्व्हर हातात तोलला, चक्र कानाशी धरून फिरवलं आणि खूश झाला.

"वा उस्ताद! किती द्यायचे?"

"विकायचा नाही."

"बरं, नका विकू. पण बनावट कुणाची ते तरी सांगा. छाप दिसत नाही कुठे."

तोरसमने रिव्हॉल्व्हर त्याच्या हातातून काढून घेतला आणि वेल पुसायचं फडकं शोधत बसला. गृहस्थ वाट पाहत उभा होता.

"माझी," तोरसम म्हणाला.